तीन मीटरची स्पीकर केबल, तिची चार पानी समीक्षा आणि आमच्या वीस फेऱ्या

भाऊ केबलची पेटी घेऊन आला, पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या दुसऱ्या हातातल्या कागदांकडे. एका नावाजलेल्या ऑडिओ मासिकातली चार पानी समीक्षा त्याने छापून आणली होती आणि तिच्यातल्या ओळीच्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवल्या होत्या. "ताई, तू अठरा वर्षं रेकॉर्डिंग करतेयस. हे खरं आहे का, तेवढं सांग. केबल परत करायला माझ्याकडे तीस दिवस आहेत."

त्याने विचारलं केबलबद्दल, पण खरा प्रश्न त्या चार पानांचा होता. केबल त्याने ऐकून घेतलेली नव्हती, वाचून घेतली होती. म्हणून मी दोन्ही तपासायला घेतलं: केबलही आणि समीक्षाही.

आधी वस्तू. तीन मीटरची जोडी, करंगळीएवढी जाड, वरून विणलेलं कापडी आवरण. टोकांना बनाना प्लग, आणि ते खरोखर उत्तम आहेत: टर्मिनलमध्ये घट्ट बसतात, ओढले तर सहज निघत नाहीत, तार आत स्क्रूने पकडलेली आहे आणि वर सोल्डरही आहे. मी आयुष्यात शेकडो केबली जोडल्या आहेत. असं काम करायला वेळ लागतो आणि मन लागतं. एक तक्रार मात्र आहे. केबल इतकी ताठ आहे की हलक्या स्पीकरच्या मागे लावली तर स्पीकरच किंचित फिरतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. समीक्षेत तिचा उल्लेख नाही.

केबलवर दिशादर्शक बाण छापलेला आहे आणि समीक्षकाने तो उलटा लावून ऐकल्यावर "संगीताचा प्रवाह अडखळला" असं लिहिलं आहे. स्पीकरकडे जाणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. ऐकू येणाऱ्या आवाजासाठी तो सेकंदाला वीस ते वीस हजार वेळा पुढे-मागे होतो, त्यामुळे तांब्याच्या दोन तारांना एक दिशा असण्याचा प्रश्नच येत नाही. बाणाला अर्थ असतो तो काही सिग्नल केबलींमध्ये, जिथे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी जाळी एकाच टोकाला जोडलेली असते. कोणत्या टोकाला, ते बाण सांगतो. स्पीकर केबलला अशी जाळी सहसा नसते. या केबललाही नाही, मी आवरण सरकवून पाहिलं.

मग ऐकायला बसलो. मी दोन रेकॉर्डिंग निवडली, दोन्ही माझीच. एक तानपुरा आणि एक माझ्या भाचीने वाचलेला धडा. यामागे कारण आहे. समीक्षक बहुधा इतरांच्या रेकॉर्डिंगवर ऐकतात. मूळ खोलीत आवाज कसा होता ते त्यांना कळायला मार्ग नसतो. तानपुऱ्याच्या त्या खोलीत मी स्वतः बसले होते. त्याची जवारी, म्हणजे तार घोडीला किंचित घासत राहिल्याने जे स्वरांचं मोहोळ उठतं ते, माझ्या कानात पक्कं आहे. आणि भाचीचा आवाज तर मी रोज ऐकते. ओळखीच्या माणसाच्या आवाजातला फरक कान लवकर पकडतो.

आधी जुनी केबल, साधी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन-तारी. मग नवी. आणि मला फरक ऐकू आला. मी तो वहीत लिहिला: "जवारी मोकळी. षड्जाच्या वर पंचमाचा स्वर आधी दबलेला होता, आता सुटा कळतो. उजवी बाजू विशेष स्पष्ट." भावाने माझ्याकडे पाहिलं आणि समीक्षेचं तिसरं पान पुढे केलं. तिथे जवळजवळ हेच लिहिलं होतं, "वरच्या स्वरांवरचा पडदा दूर झाला" या शब्दांत. त्या रात्री मी झोपायला गेले तेव्हा केबल चांगली आहे असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी केबल पुन्हा लावायला मी स्पीकरमागे गेले आणि "उजवी बाजू विशेष स्पष्ट" या माझ्याच वाक्याचा खुलासा मला सापडला. उजव्या स्पीकरच्या टर्मिनलचा स्क्रू सैल होता. तिथे पिळून बसवलेली जुन्या केबलची उघडी तार काळी पडली होती. तांब्यावर थर चढला की असं होतं. काही बारीक तारा तुटूनही गेल्या होत्या. शिवाय ताठ केबलने त्या स्पीकरचं तोंड आत वळवलं होतं. फरशीवरच्या धुळीत त्याच्या पायांची जुनी खूण दिसत होती, ती मोजली तर दोन सेंटिमीटरच्या वर सरकलेला. १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनं असलेल्या, स्वराच्या लहरीची हवेतली लांबी सुमारे ३.४ सेंटिमीटर असते. वरच्या स्वरांसाठी दोन सेंटिमीटर ही लहान गोष्ट नाही.

मी जुन्या केबलची टोकं कापली, तार नव्याने सोलली, स्क्रू आवळला, स्पीकर खुणेवर आणून चारही पायांभोवती कागदी टेप लावली. आणि जवारी मोकळी झाली. जुन्या केबलवर.

या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं, कारण केबलींवरच्या वादात ही गोष्ट फार कमी बोलली जाते. एक बाजू म्हणते फरक आहे, दुसरी म्हणते तुम्हाला भास होतो. माझ्या बाबतीत फरक खरा होता, हवेत होता, मायक्रोफोन लावला असता तर मोजताही आला असता. पण तो केबलचा नव्हता. वर्षानुवर्षं न हलवलेला जोड उघडून पुन्हा बसवला की संपर्काची जागा घासली जाते, साफ होते. केबल बदलायला वाकलेला माणूस स्पीकरला धक्का देतो. परत येऊन खुर्चीत बसताना डोकं पहिल्या जागेपासून वीतभर इकडेतिकडे होतं. समीक्षक दिवसातून पाच वेळा हे करतो आणि दरवेळी झालेला बदल नव्या केबलच्या नावावर लिहिला जातो. तो खोटं बोलत नाही. त्याने ऐकलंच आहे. समीक्षेवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न समीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा आहे असं आपण समजतो, आणि तिथेच चुकतो. प्रामाणिक माणसाची पद्धत चुकीची असू शकते.

अर्थात भास होतच नाहीत असं नाही. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की "बा" हा आवाज ऐकवताना समोर "गा" म्हणणारे ओठ दाखवले तर बऱ्याच लोकांना "दा" ऐकू येतो. सगळं माहीत असूनही येतो. मी स्वतः अनुभवलं आहे, डोळे मिटले की "बा", उघडले की "दा". ऐकणं हे एकट्या कानाचं काम नाही. १९९४ मध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस जणांना तेच स्पीकर एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना जे गुण मिळत होते ते पडद्याआड टिकले नाहीत आणि एका लहानशा प्लॅस्टिकच्या संचाला पडद्याआड बरे गुण मिळाले. आणि ते तर स्पीकर होते, ज्यांच्यात एकमेकांत खरोखर मोठा फरक असतो. तिथे डोळे एवढे ढवळाढवळ करतात, तर केबलीचं काय?

म्हणून आम्ही पडदा लावला.

पहिली पद्धत आम्हाला सोडून द्यावी लागली. भाची नाणं उडवून केबल बदलत असे, आणि तीच केबल ठेवायची असली तरी दोन्ही प्लग काढून पुन्हा लावत असे, म्हणजे आवाजावरून आम्हाला सुगावा लागू नये. ती मागच्या दाराने निघून जाई, आमच्याशी नजरानजरही होत नसे. पण यात दर वेळी दीड मिनिट जायचं. आवाजाच्या बारीक छटा कानात काही सेकंदच ताज्या राहतात. दीड मिनिटाने मी आवाजाची तुलना करत नव्हते, आवाजाबद्दलच्या माझ्या आठवणीची करत होते. समीक्षेतला लेखक तर सध्याच्या केबलची तुलना गेल्या वर्षी परत पाठवलेल्या केबलशी करतो.

मग मी रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचची, एक पेटी बनवली. दोन्ही केबली कायम जोडलेल्या, बटण दाबलं की क्षणात एकीवरून दुसरीवर. तीन बटणं: अ, ब आणि क्ष. क्ष म्हणजे अ किंवा ब यांपैकी एक, कोणती ते भाचीच्या कागदावर, शेजारच्या खोलीत. हवं तितक्या वेळा, हवं तितका वेळ ऐकायचं आणि क्ष कोण ते सांगायचं. ही पद्धत माझी नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला, आणि ती एबीएक्स नावाने ओळखली जाते. अट एकच कडक: दोन्ही बाजूंचा आवाज ०.१ डेसिबलच्या (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) आत सारखा हवा. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, "चांगला" वाटतो. आमच्याकडे फरक मुळातच त्या मर्यादेत होता. किती, ते पुढे सांगते.

वीस फेऱ्या, दोन संध्याकाळींत विभागलेल्या, प्रत्येक पाच फेऱ्यांनंतर विश्रांती. माझी ११ उत्तरं बरोबर आली, भावाची ९. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तरी वीसपैकी सरासरी दहा बरोबर येतात. १५ किंवा त्याहून जास्त आली असती तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता सुमारे दोन टक्के, आणि मग मी मान्य केलं असतं की काहीतरी ऐकू येतंय. ऐकताना मला अनेकदा खात्री वाटत होती, हे नोंदवते. सातव्या फेरीत मी भाचीला ओरडून सांगितलं होतं, "ही नवी, शंकाच नाही." ती जुनी होती.

यावरून जगात कोणालाच फरक कळणार नाही असं सिद्ध होत नाही, तसा माझा दावाही नाही. पण समीक्षेत लिहिलं आहे की शेजारच्या खोलीत काम करणाऱ्या व्यक्तीलाही बदल जाणवला आणि तिने येऊन विचारलं. एवढा मोठा फरक दोन जाणत्या माणसांना समोर बसून, चाळीस वेळा विचारल्यावरही सापडू नये, ही गोष्ट मला हलकी वाटत नाही.

आता मोजमाप, कारण समीक्षेत एकही आकडा नाही. तांब्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ही सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती आहे: एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा सुमारे ०.०१७२ ओहम. जुन्या केबलची जाडी अडीच चौरस मिलिमीटर, जायची तार तीन मीटर आणि यायची तीन, म्हणजे हिशेबाने ०.०४१ ओहम. इतका कमी रोध साध्या मल्टिमीटरवर भरवशाने दिसत नाही. मी एक अँपिअर प्रवाह सोडून दोन टोकांमधला व्होल्टेज वेगळ्या तारांनी मोजला: ४१ मिलिव्होल्ट, हिशेबाशी जुळणारा. नवी केबल आतून चार चौरस मिलिमीटरची आहे (करंगळीची जाडी बरीचशी आवरणाची आहे). तिच्यावर २६. आठ ओहमच्या स्पीकरवर या दोन केबलींच्या पातळीतला फरक होतो ०.०१६ डेसिबल. या स्पीकरचा रोध जिथे सर्वांत खाली, ३.२ ओहमपर्यंत जातो, तिथेही ०.०४. कोणाच्याही कानाला हे कळेल असं मला वाटत नाही, माझ्या कानाला तर नाहीच.

समीक्षेत ज्या दोन कारणांवर भर आहे, त्यांचीही दखल घेते. एक, तांब्याची शुद्धता, दशांश चिन्हानंतर नऊच नऊ. साधं विजेच्या कामाचं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि त्यापुढच्या शुद्धतेने वाहकतेत दोन-तीन टक्क्यांच्या वर भर पडत नाही. तेवढाच लाभ तार अगदी किंचित जाड घेऊन होतो. दोन, स्किन इफेक्ट, म्हणजे वरच्या कंपनांना प्रवाह तारेच्या बाहेरच्या भागात सरकतो. हे खरं आहे. २०,००० हर्ट्झला तांब्यात ही खोली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. पण त्याचा परिणाम या जाडीला किती? ०.०४१ ओहमचा ०.०५ च्या आसपास होतो, तेही ऐकू येण्याच्या अगदी वरच्या टोकाला. समीक्षकाने खऱ्या भौतिक गोष्टीचं नाव घेतलं आणि तिचं प्रमाण सांगितलं नाही. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, कारण वाचणाऱ्याला वाटतं की शास्त्र केबलच्या बाजूने उभं आहे.

शेवटी मी माझ्या धंद्यातली रोजची चाचणी केली. स्पीकरच्या टर्मिनलवर येणारा सिग्नल दोन्ही केबलींनी रेकॉर्ड केला, एक उलटा केला आणि दोन्ही मिसळले. जे सारखं ते एकमेकांना खाऊन टाकतं, जे वेगळं ते उरतं. उरलं ते संगीताच्या सुमारे ५० डेसिबल खाली, आणि ते होतं तेच संगीत, पातळीतल्या त्या सूक्ष्म फरकामुळे शिल्लक राहिलेलं. पातळी जुळवून घेतल्यावर आणखी खाली गेलं. जवारी त्यात वेगळी सुटून आलेली नव्हती, पडदा नव्हता, समीक्षेतली "गडद शांतता" नव्हती.

मग ती चार पानं मी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचली. जे वाचक स्वतः पडताळू शकेल त्याखाली रेघ मारायची, असं ठरवलं. एका परिच्छेदाखाली रेघा पडल्या: प्लग, आवरण, पेटीतलं सामान. केबलची लांबी किती होती? दिलेली नाही. कोणत्या केबलच्या बदल्यात लावली? एका महाग केबलच्या, साध्या तारेशी तुलनाच नाही. जुने जोड साफ केले होते का? माहीत नाही. समीक्षकाला कोणती लागली आहे हे ठाऊक होतं का? अर्थात होतं, त्यानेच लावली होती. आणि सुरुवातीला दोनशे तास "मुरू द्यावी" असा सल्ला. दोनशे तास म्हणजे रोज चार तास ऐकलं तरी पन्नास दिवस, भावाच्या परतीच्या मुदतीच्या पार पलीकडे. त्या पन्नास दिवसांत तांबं बदलत नाही, ऐकणाऱ्याची सवय बदलते.

ऐकून समीक्षा लिहिण्याची ही पद्धत आली कुठून, हे जाणून घेण्यासारखं आहे. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये स्टिरिओफाइल हे ऑडिओ मासिक काढलं. नुसत्या आकड्यांवर भागत नाही, उपकरण घरात ठेवून ऐकून लिहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्या काळात जाहिरातदारांना सांभाळून लिहिल्या जाणाऱ्या समीक्षांपुढे तो धाडसी होता. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तेव्हा केबल हा समीक्षेचा विषयच नव्हता, दिव्याची दोन-तारी वापरत असत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल आणली आणि केबल ही स्वतंत्र विकायची वस्तू झाली. १९८३ मध्ये स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने एक चाचणी छापली: बारीक २४ गेजची तार, दिव्याची १६ गेजची तार (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) आणि मॉन्स्टर. निष्कर्ष असा की संगीत ऐकताना दिव्याची तार आणि मॉन्स्टर यांतला फरक कळत नाही. २४ गेजची मात्र दोन्हींच्या मागे पडते. म्हणजे उत्तर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी एका व्यावसायिक मासिकानेच दिलेलं आहे. आणि खुद्द होल्ट यांनी २००७ मध्ये, त्यांनीच सुरू केलेल्या मासिकात, खंत व्यक्त केली की दुहेरी अंध चाचणीसारखी (काय लागलं आहे हे ऐकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं ती) साधी पडताळणी नाकारून या क्षेत्राने आपली विश्वासार्हता घालवली. ऐकून लिहिण्याची परंपरा ज्याने घातली त्या माणसाचं हे म्हणणं आहे.

यावरून केबलीने काही होतच नाही असं कोणी समजू नये. माझ्या कामात केबल रोज त्रास देते. इलेक्ट्रिक गिटारची सहा मीटरची केबल घ्या: तिची धारिता, म्हणजे तारेत विजेचा भार साठण्याचं माप, मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ६०० होते. गिटारच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या अडीच हेन्रीच्या पिकअपबरोबर तिची कंपनशिखा, म्हणजे आवाज सर्वांत उठून येतो ती जागा, साधारण ४,१०० हर्ट्झवर येते. तीनच मीटर वापरली तर ५,८०० वर. हा फरक डोळे बांधून, पाठ फिरवून, कोणालाही ऐकू येईल. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईच्या चुंबकी कार्ट्रिजलाही केबलची धारिता लागते. लांब, बारीक स्पीकर तारेत आवाजाचा तोल बदलतो. मायक्रोफोनच्या केबलची जाळी निकृष्ट असली तर मोबाइलची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये येते. या सगळ्या ठिकाणी चांगल्या समीक्षेची गरज आहे आणि तिथे लागतो एक आकडा, दर मीटरला किती पिकोफॅरड. ज्या समीक्षा मी वाचते त्यांत तो क्वचित असतो. खरा फरक जिथे आहे तिथे शब्द कमी, जिथे नाही तिथे चार पानं. माझ्यासारखीला याचं वाईट वाटतं, कारण नवशिका मुलगा किंवा मुलगी ते वाचून आपल्या कानांवरच संशय घेते: "मला कसं ऐकू येत नाही?"

समीक्षकाला मी पत्र लिहिलं. तीन प्रश्न विचारले: लांबी, जुने जोड, आणि कोणती केबल लागली आहे हे न कळता कधी ऐकलं का. त्याने आठवडाभरात सविस्तर उत्तर दिलं, याबद्दल मी त्याची आभारी आहे. लांबी अडीच मीटर होती. जोड साफ करायचं सुचलं नव्हतं. आणि अंध चाचणीबद्दल त्याने लिहिलं की बटणं दाबत, परीक्षा दिल्यासारखं ऐकताना मन मोकळं राहत नाही. केबलचा गुण कळतो तो आठवडेच्या आठवडे निवांत ऐकल्यावर.

हा आक्षेप मला खरा वाटतो. सातव्या फेरीतला माझा ताण मला आठवतो. पण निवांत ऐकायचं तर कोणती केबल लागली आहे ते माहीत असलंच पाहिजे असं कुठे आहे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विभागाने १९९४ पासून सूक्ष्म फरक ऐकण्याच्या चाचण्यांसाठी जी शिफारस ठेवली आहे, बीएस.१११६ नावाची, तिच्यातही ऐकणाऱ्याला हवं तितक्या वेळा फिरून ऐकायची मुभा आहे. लपवलेली असते ती फक्त ओळख.

तर माझा निवाडा. केबल म्हणून ही वस्तू मजबूत आहे, प्लग उत्कृष्ट आहेत, हलक्या स्पीकरसाठी ती गैरसोयीची आहे आणि आवाजाच्या बाबतीत ती नीट जोडलेल्या साध्या अडीच चौरस मिलिमीटर तारेपेक्षा आम्हाला वेगळी वाटली नाही. समीक्षा म्हणून ती चार पानं बांधणीबद्दल विश्वासार्ह आहेत. आवाजाबद्दल ती एका माणसाने एका संध्याकाळी काय अनुभवलं याची नोंद आहे, आणि तशी म्हणून ती खरीही असेल. तिच्या जोरावर खरेदी करू नये. व्यावसायिक समीक्षकाचं आवाजाबद्दलचं मत मी तेव्हा धरीन, जेव्हा तो लांबी लिहील, रोध आणि धारिता लिहील, जुने जोड साफ करून मग तुलना केली असं सांगेल, आणि निदान एकदा तरी कोणी दुसऱ्याने केबल बदलून त्याला ऐकवलं असेल. समीक्षेसाठी उधार मिळालेली वस्तू परत केली की ठेवून घेतली, तेही लिहील.

भावाने केबल अजून परत केलेली नाही. मुदतीचे तेरा दिवस उरले होते तेव्हा भाचीने दोन्ही केबलींना काळ्या कापडाच्या सारख्या पिशव्या शिवल्या, जुनीमध्ये कापसाची भर घालून जाडी सारखी केली, आणि दोन्हींना एकाच जातीचे प्लग मी लावून दिले. कोणती लागली आहे हे लिहिलेली चिठ्ठी तिच्या कंपासपेटीत आहे. भाऊ रोज संध्याकाळी, बटणं नाहीत, परीक्षा नाही, हवं ते ऐकतो आणि वहीत एक ओळ लिहितो. दर तिसऱ्या दिवशी भाची शाळेतून आल्यावर नाणं उडवते आणि भाऊ घरी नसताना केबल बदलते किंवा तशीच ठेवते. आज दहावा दिवस. कालची ओळ मी वाचली: "तार सप्तक आज फार गोड." चिठ्ठी रविवारी उघडायची आहे. समीक्षकालाही मी कळवलं आहे, त्याने पिशवीचं माप मागवलं.